फिटरने जोडलेला कॉम्प्युटर

कुठलीही वस्तू हातात आली की आधी तो खिशातून व्हर्नियर काढायचा. शर्टाच्या खिशात माणसं पेन ठेवतात, हा माप घ्यायचं ते स्टीलचं हत्यार ठेवायचा. बोईसरच्या बाजारात वांग्याला व्हर्नियर लावणारा माणूस मी या डोळ्यांनी पाहिला आहे. भाजीवाली त्याला म्हणाली, "अवो दादा, वांगी हायेत ती, नट नाय." तर हा तोंडावरची माशी हलू न देता म्हणतो, "भरली वांगी करायचीत. एका मापाची पायजेत. पातेल्यात बसाया नकोत?"

तो आमच्या केमिकल कंपनीत मेकॅनिकलला फिटर होता आणि मी इलेक्ट्रिकलला. तारापूरच्या एमआयडीसीत ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना यापुढे काही सांगायला नको, पण तुमच्यातल्या इतरांसाठी सांगतो. मेकॅनिकलवाल्यांची अशी समजूत असते की जगातला कुठलाही प्रश्न पान्याने सुटतो, आणि नाहीच सुटला तर मोठ्या पान्याने सुटतो. हा त्या लोकांचा महागुरू होता. सांगलीकडून आलेला, आवाज मोठा, अंगकाठी त्याहून मोठी. राहायला माझ्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये. मी त्याला फिटर म्हणायचो, तो मला वायरमन म्हणायचा, आणि दोघेही ते शब्द शिवीसारखेच वापरायचो.

त्याचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात होतं. "बसतंय न्हवं? मग झालं!"

प्लॅन्टमध्ये ते चालूनही जायचं. एका कंपनीचा पंप, दुसऱ्या कंपनीची मोटर, भोकं जुळत नाहीत तर नवी पाड, फट राहिली तर गॅस्केट कापून मधे घाल. गॅस्केट म्हणजे जोडाच्या दोन भागांमधे घालायची चकती. ती कापण्यात मात्र त्याचा हात कुणी धरत नसे, एवढं मी कबूल करतो. पण म्हणून माणसाने सगळ्या जगालाच पंप समजावं?

त्याच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, बोईसर स्टेशनजवळ टायपिंगचा क्लास होता. किराणा दुकानाच्या माडीवर एक खोली, खटखटणारी यंत्रं आणि दांडीपासून मनोरपर्यंतच्या गावांतून येणाऱ्या मुली. वहिनी शांत बाई. इतक्या गोंगाटात त्या कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत, आणि तरी मुली त्यांना टरकून असायच्या. त्यांच्याकडून शिकून कितीतरी मुली कंपन्यांच्या ऑफिसांत चिकटल्या होत्या.

नव्वदच्या दशकात तिकडे पालघरला काचेच्या दाराचा कॉम्प्युटर क्लास निघाला आणि वहिनींच्या माडीवरचा खटखटाट दर महिन्याला कमी होत गेला. मुली चुकल्यासारखं तोंड करून सांगायच्या, "मॅडम, कंपनीवाले आता कॉम्प्युटर येतो का इचारतात." वहिनींनी एका उन्हाळ्यात निर्णय घेतला. आपली दोन चांगली यंत्रं, एक मराठी आणि एक इंग्रजी, विकून टाकली आणि मुलींना सांगितलं की जूनपासून आपल्याकडेही कॉम्प्युटर शिकवणार. मुलींनी विश्वास ठेवला. नावं लागली. जूनला कॉम्प्युटर सुरू झाला नाही तर क्लास उठला, हे वहिनींना माहीत होतं, मुलींना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

शहाण्या माणसाने अशा वेळी दुकानात जाऊन जोडलेला, चालवून दाखवलेला कॉम्प्युटर आणला असता. आमचा फिटर म्हणाला, "तयार कशाला आणायचा? सुटे पार्ट आणतो, घरी जोडतो. कंप्रेसर जोडतो मी, हा डबा काय जड हाय?"

मी म्हटलं, "फिटर, यात नुसतं बसून भागत नाही. एकाचं दुसऱ्याशी जमावं लागतं."

"आरं वायरमन, बसल्याबिगर जमतंय कुठं?"

तो मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेला. दुकानदाराने मेमरीची पट्टी दाखवली की हा व्हर्नियर लावणार, कार्ड दाखवलं की व्हर्नियर लावणार. कुठला पार्ट कुठल्या पार्टबरोबर चालतो हा एकच प्रश्न त्याने कुणाला विचारला नाही. परत येताना धीर कसला निघतोय, गाडी वैतरणेला पोचेपर्यंत त्याने मांडीवर खोके उघडून काय काय बसतंय ते बसवायला सुरुवातही केली होती. हे त्याने मला अभिमानाने सांगितलं.

मेमरीच्या पट्ट्या चुकीच्या निघणार होत्या, त्या निघाल्या. मदरबोर्ड, म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं बसतं तो मोठा बोर्ड, नव्या पद्धतीचा होता आणि पट्ट्या जुन्या, आखूड. मी गेलो तेव्हा गृहस्थ पट्टी शिकंज्यात धरून हातात कानस घेऊन बसलेले.

"हे काय करतोयस?"

"कड जरा आडवी येतीय. कानस मारली की बसंल."

मेमरीच्या पट्टीला कानस! मी कपाळाला हात लावला. वहिनी आतून आल्या, त्यांनी त्याच्या हातातली कानस काढून घेतली आणि पोळ्यांच्या डब्यामागे ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मुंबईला जाऊन पट्ट्या बदलून घेऊन आला. तेव्हाही म्हणाला काय, तर "दुकानदारानं माप चुकीचं दिलं."

पुढे डिस्प्लेचं कार्ड आणलं ते बोर्डावरच्या खाचेपेक्षा लांब. तेही बदललं. माझ्याकडे येऊन दोन मिनिटं बसला असता तर हे सगळे हेलपाटे वाचले असते, पण वायरमनला विचारायचं म्हणजे मेकॅनिकल डिपार्टमेंटची नाचक्की. मीही आपण होऊन गेलो नाही. बघू या म्हटलं, कितपत उडी मारतो.

जून उजाडला. माडीवर टेबलाला नवं कापड, कॉम्प्युटरच्या डब्याला हार, कुंकवाची बोटं. मुली चांगले कपडे घालून आल्या होत्या. मलाही बोलावणं होतं. वहिनींनी त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसली होती आणि त्यांना एका जागी बसवत नव्हतं. फिटरने नारळ फोडला, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि बटण दाबलं.

आतला पंखा थोडा फिरला आणि थांबला. त्याने पुन्हा दाबलं. पंखा पुन्हा थोडा फिरला.

आणि खोलीत वास आला.

आता तारापूरच्या माणसाला वास आला की तो काय करतो? कुठल्या तरी कंपनीने गॅस सोडला म्हणतो आणि खिडकी लावतो. आमच्या नाकांना तीच सवय. "खिडक्या लावा गं, आज फारच सोडलाय," वहिनी म्हणाल्या. मुलींनी धावत जाऊन खिडक्या लावल्या. एकीने नाकाला ओढणी लावून वास कुठल्या प्लॉटचा असेल तेही सांगितलं. आणि हा शहाणा इकडे बटण दाबतोच आहे, दाबतोच आहे! खिडक्या लावून घेतल्यावर वास वाढला, तेव्हा कुठे मी धावलो आणि भिंतीतून प्लग उपटला. वास त्या हार घातलेल्या डब्यातून येत होता.

पुढच्या रांगेतली एक मुलगी उगाचच प्रसादाच्या खोबऱ्याकडे बघत राहिली. वहिनींनी डब्यावरचा हार काढून बाजूला ठेवला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "चला, आपापल्या मशीनवर बसा." उरलेल्या टाइपरायटरांवर त्यांनी त्या दिवशी पूर्ण वेळ क्लास घेतला. त्या बाईचा मला त्या वेळी जितका आदर वाटला तितका क्वचित कुणाचा वाटला असेल. फिटरचा मात्र मला नुसता संताप आला.

दुपारी मुली गेल्यावर मी डबा उघडला. मदरबोर्डाची भोकं डब्याच्या भोकांशी जुळलेली नव्हती. म्हणून आमच्या महागुरूंनी बोर्डाखाली गॅस्केट घातलं होतं. बोर्डाच्या मापाचं, कडेने गोलाई दिलेलं, प्रत्येक स्क्रूपुरतं गोल भोक पाडलेलं. असं देखणं काम मी प्लॅन्टमध्येसुद्धा पाहिलं नव्हतं. मी ते बाहेर ओढलं आणि माझी बोटं काळी झाली.

"हे कसलं घातलंस?"

"ग्रॅफाइट," तो म्हणाला. "स्टीमलाइनला वापरतो ते. सगळ्यात भारी असतंय. तिच्या मशीनला साधं रबर कशाला लावू?"

"फिटर," मी म्हटलं, "मोटरच्या ब्रशात काय असतं?"

त्याने माझ्या काळ्या बोटांकडे बघितलं.

"हेच असतं. यातून करंट जातो. तू बोर्डाखाली तार अंथरलीस, सगळीकडून. बोर्ड जळला."

"जातो?" एवढंच तो म्हणाला. साधं रबर घातलं असतं, पुठ्ठा घातला असता, रद्दी घातली असती तरी चाललं असतं. याने जगातली सगळ्यात भारी वस्तू शोधून आणली आणि तिनेच घात केला. मी हे सगळं त्याला ऐकवलं, चांगलं ठासून ऐकवलं. तो उभ्याने ऐकत होता आणि वहिनी कोपऱ्यात टाइपरायटरवर कापडं घालत होत्या.

जून महिन्यातच मुली गळायला लागल्या. कंपनीत शटडाऊनचं, म्हणजे प्लॅन्ट बंद ठेवून दुरुस्तीचं, काम निघालं होतं, त्यात फिटर डबल ड्यूट्या करत सुटला. मग एका रविवारी सकाळी माझ्या दारात उभा.

"अहो, जरा येता का मुंबईला?" म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदा अहो म्हटलं. मी चहा पिऊन मुद्दाम थोडा उशीर करून निघालो. दुकानात तो काउंटरपासून लांब, हात मागे बांधून उभा राहिला. मी निवडलेला बोर्ड त्याने हातातसुद्धा घेतला नाही. जोडायला बसलो तेव्हाही तसंच. प्रत्येक स्क्रूला, प्रत्येक केबलला विचारायचा, "हे बसतंय, पण चालंल का?" चालेल म्हटलं की मगच हात लावायचा. एका मेकॅनिकलवाल्याने असं विचारावं म्हणून मी किती वर्षं वाट बघितली होती! आणि खरं सांगतो, मला त्यात काडीचा आनंद झाला नाही. मला तो मोठ्या आवाजाचा, चुकीचा माणूस परत हवा होता. तीन-चार स्क्रू झाल्यावर मी त्याच्यावर खेकसलो, "लाव रे गप, विचारतोस काय सारखा?"

कॉम्प्युटर चालला. पाऊस ओसरता ओसरता क्लास सुरू झाला, अर्ध्या मुलींवर. पण वहिनींनी शिकवलेल्या मुलींना नोकऱ्या लागत गेल्या तशा नव्या मुली येत गेल्या, आणि काही वर्षांत माडीवर कॉम्प्युटरांची रांग झाली. पहिला तेवढा घरी जोडलेला, बाकीचे दुकानातून आणलेले. फिटरने त्या माडीवर पाऊल टाकायचंच सोडलं. म्हणे, बोर्ड जाळणारा तो हाच, असं कुणी मुलींना सांगितलं तर क्लासचं नाव जाईल.

मग आमच्या कंपनीला टाळं लागलं. मी मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. फिटर काय करेल तर एक दिवस बायकोच्याच क्लासात विद्यार्थी म्हणून जाऊन बसला! कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलो तेव्हा मी पाहिलं. शेवटच्या मशीनवर हा अवाढव्य माणूस, आजूबाजूला कॉलेजच्या मुली. एका बोटाखाली दोन बटणं दाबली जायची. "स्क्रीनकडे बघा, बोटांकडे नाही," वहिनी त्याला सगळ्यांदेखत सांगायच्या आणि हा म्हणायचा, "होय मॅडम." मुलींना त्याने सांगून ठेवलं होतं की आपण मनोरहून एसटीने येतो. क्लास सुटला की खरोखर एसटी स्टँडच्या दिशेने जायचा आणि लांबचा वळसा घालून घरी यायचा. काय म्हणावं या नाटकाला! मी जाब विचारला तर म्हणाला, "मॅडमचा नवरा म्हणून कुणी हयगय नको कराया." क्लासच्या पहिल्या परीक्षेत वहिनींनी त्याला नापास केलं. त्याने परत फॉर्म भरला.

दुसऱ्या परीक्षेला तो बसला नाही. सकाळी दूध आणायला म्हणून निघाला आणि जिन्यातच गेला. डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं.

वहिनींनी मला माडीची किल्ली दिली आणि म्हणाल्या, "मुली उगाच जिन्यात ताटकळतील. त्यांना सांगून या." मी गेलो तेव्हा सकाळची बॅच खाली किराणा दुकानासमोर जमलेली होती. मी सांगितलं की मॅडमचे मिस्टर वारले, काही दिवस क्लास बंद राहील.

एक मुलगी म्हणाली, "आमी कदी बघितलं नाय त्यांना." दुसरीने विचारलं, मॅडम कशा आहेत. मग त्या आपापल्या वाटेने निघाल्या. दांडीची एक मुलगी थोडी पुढे जाऊन परत आली.

"काका, त्या शेवटच्या मशीनवरच्या आजोबांना पण सांगा हां कुणीतरी. ते मनोरवरशी येतात, त्यांना म्हाईत नसंल. फुकट हेलपाटा व्हईल त्यांचा."

मी म्हटलं, "सांगतो."