आमच्या घरातली चक्कर

शाळेतून फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. माझी सातवीतली लेक प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली होती. मी पोचले तर ती बाकावर पांढरीफटक बसलेली.

आई तेव्हा आमच्याकडे आली होती. मखमलाबादच्या मळ्यात तिचा जन्म फुलं खुडण्यात गेला. ती म्हणाली, "कशाला घाबरती? मला यायची, तुला यायची. आपल्यात पोरींना चक्कर येतीच."

त्याचीच तर मला भीती वाटली. माझी मावशी बाळंतपणात गेली, तेव्हाही "तिच्या अंगात रक्तच नव्हतं" असं घरातले असंच सहज बोलले होते.

संध्याकाळी मी दोघींना घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी लेकीची पापणी खाली ओढून पाहिली, मग आईची, मग माझी. तिघींचं रक्त तपासलं. तिघींचं कमी निघालं, लेकीचं सगळ्यात कमी.

"घरात शेवटी कोण जेवतं?" बाईंनी विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. लेकच म्हणाली, "मम्मी. आजी आली की आजी पण. आणि मी मम्मीबरोबर."

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

घरी येऊन गोळ्या सुरू झाल्या. मी तिला आधी वाढलं, तर ती दाराकडे बघत म्हणाली, "पप्पांना येऊ दे ना." मी तिला हाताला धरून बसवलं. ती जेवू लागली, तरी तिची नजर दाराकडेच होती.