बेचाळीस सेंटीमीटरची नळी

शांतवनमामा गेल्याची बातमी मला स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली. वर बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचं वेळापत्रक, खाली कुणाच्या तरी पुतण्याच्या साखरपुड्याचे फोटो, आणि मधोमध दोन ओळी... आपल्या प्रयोगशाळेचे परिचर शांतवन गायकवाड यांचे आज सकाळी श्रीरामपूर येथे राहत्या घरी निधन झाले. पाठोपाठ जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. मीही एक डकवलं. आणि पाच मिनिटांत एका सरांनी विचारलं की लॅबच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, परीक्षा तोंडावर आली आहे. माणूस अजून घरातून उचललासुद्धा नव्हता हो! मला त्या सरांची किळस आली. आता सहा आठवडे होत आले, आणि किळस यायला मला दुसऱ्या कुणाकडे बघावं लागत नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगते, मामांची थोरवी गायला मी बसलेली नाही. एका हुशार मुलीचं पुण्याचं कॉलेज हुकलं. ते कुणामुळे हुकलं हे मामांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्या मुलीला माहीत नव्हतं. ते सगळ्यांना कळायला हवं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

मी देवळाली प्रवरा इथे ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. मामा आमच्या लॅबचे परिचर. दहावी पास. रोज श्रीरामपुराहून एसटीने यायचे आणि माझ्या आधी पोचायचे. कागदावर त्यांचं काम काचसामान धुणं, उपकरणं मांडणं, तास संपला की आवरणं. पण मुलांना विचाराल तर त्यांचे विज्ञानाचे सर कोण, तर मामा. साफसफाईचं निमित्त सांगून त्यांनी रविवारी लॅब उघडायची परवानगी मिळवली होती, आणि मग सातवी-आठवीपासून बारावीपर्यंतची दहा-पंधरा पोरं तिथे जमायची. एकच कांदा दर रविवारी तोलायचा आणि किती वाळला ते लिहायचं, असं चार महिने. उन्हात काठी रोवून तिच्या सावलीवरून साखर कारखान्याच्या धुराड्याची उंची काढायची. एका पोराच्या हिशोबात धुराड्याची उंची आली भलतीच, कुतुबमिनारालाही लाजवेल अशी. सगळे हसले, पोरगं खोडायला लागलं. मामांनी त्याचा हात धरला. "खोडायचं न्हाई. तुला दिसलं तेच लिवलंस ना? मंग ऱ्हाऊ दे. का चुकलं ते हुडकू." दुपारभर हुडकल्यावर कळलं की पठ्ठ्याने सावली धुराड्याच्या बुडापासून न मोजता कुंपणापासून मोजली होती, आणि काठीची सावली दोन तासांनी. मामांच्या लॅबमध्ये खोडरबराला बंदी होती. चुकलं तर एक आडवी रेघ, आणि शेजारी नवा आकडा.

कॉलेजची तयारी म्हणजे त्यांच्या लेखी नुसता अभ्यास नव्हता. अकरावीलाच ते पोरांच्या मागे लागायचे, जातीचा दाखला काढला का, डोमिसाईल काढलं का, नॉन क्रिमिलेअर कधी संपतंय. त्यांच्या कपाटात दरेकाच्या नावाची एक फाईल असायची. आणि मे महिन्यात चार-पाच पोरांना घेऊन ते श्रीरामपुराहून रेल्वेने पुण्याला जायचे, नुसती कॉलेजं बघायला. मी एकदा म्हटलं, मामा, अॅडमिशन नाही, ओळख नाही, जाऊन करता काय? तर म्हणाले, "गेट बघून ठिवतो मॅडम. एकदा बघितलं की मंग भ्या वाटत न्हाई." हिरवळीवर बसून भाकरी खायचे. वॉचमन उठवायला आला की त्यालाच रसायनशास्त्राची इमारत कुठली म्हणून विचारायचे. बहुतेक वेळा तोच सोबत येऊन दाखवायचा. आणि लॅबमध्ये पोरांना काही वेगळं सापडलं की मला हाक यायची, "मॅडम, या, बघा!" स्टाफरूममध्ये चहा सोडून मी जायची. चिडवायची त्यांना, मामा, माझा पगार तुम्हीच घ्या आता. ते लाजायचे.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे हजेरीपटावर जेवढी मुलं आहेत त्यातली निम्मी मी वर्षभर पाहिलेलीच नसतात. ती कुठल्या तरी शहरात क्लासच्या होस्टेलवर असतात, नाव फक्त आमच्याकडे. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी क्लासची बस येते, त्यातून ती उतरतात, आणि लॅब कुठे आहे ते शिपायाला विचारतात. त्यांच्या प्रयोगवह्या आधीच गोण्यांतून आलेल्या असतात. एकाच हाताने लिहिलेल्या, एकसारख्या आकड्यांच्या. बाहेरचे परीक्षक येतात, शाल-श्रीफळ होतं, भजी होतात, पुरणपोळीचं जेवण होतं, आणि तीसपैकी अठ्ठावीस-एकोणतीस सगळ्यांना वाटले जातात. पुढच्या आठवड्यात आमचेच सर त्यांच्याकडे परीक्षक म्हणून जाणार असतात. तेरी भी चूप, मेरी भी चूप. नगर जिल्ह्यात एवढं एकच कॉलेज असं आहे असं कुणी समजू नये, आणि हे वाचून कुणाला धक्का बसेल असंही मला वाटत नाही. पोरं शिकतात खोटं लिहायला, आम्ही शिकवतो, आणि भिंतीवर शास्त्रज्ञांच्या तसबिरी. त्यांना हार घालायला मात्र आम्ही चुकत नाही.

तर ती नळी. आवाजाचा वेग काढायचा एक प्रयोग असतो. काचेच्या उभ्या नळीत पाणी भरायचं, तोंडाशी नादकाटा धरायचा आणि पाणी हळूहळू खाली न्यायचं. एका ठिकाणी आवाज एकदम मोठा होतो. ती पहिली जागा, सतरा सेंटीमीटरच्या आसपास. आणखी खाली नेलं की पन्नासच्या पुढे दुसरी. आमची नळी मीटरभर लांब होती. आठ वर्षांपूर्वी ती टेबलावरून पडून फुटली. मी तिथेच होते. मामांनी धड राहिलेला तुकडा कानशीने कापला, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि पुन्हा बसवला. तो भरला बेचाळीस सेंटीमीटर. नव्या नळीची मागणी दरवर्षी माझ्या सहीने जायची आणि दरवर्षी कुठे तरी मुरायची. आणि दरवर्षी आमची सगळी पोरं वहीत दुसरी जागा लिहायची, पन्नास पूर्णांक आठ. कुणा जुन्या मुलाच्या वहीवरून चालत आलेला आकडा. बेचाळीसच्या नळीत पन्नासवर आवाज! एकाही परीक्षकाला, एकाही शिक्षकाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मला दिसत होतं. मी लाल शाईने बरोबरची खूण करून सही ठोकत होते.

तीन वर्षांपूर्वी परीक्षेच्या चिठ्ठीत हा प्रयोग स्नेहलला आला. स्नेहल मामांच्या रविवारच्या पोरांतली. तिचे वडील घोडेगावच्या बाजाराला जनावरं नेणाऱ्या टेम्पोवर ड्रायव्हर. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेलं कुणी नाही. लेखी परीक्षेची तिची तयारी पक्की होती, पुण्याचं ते गेट तिने दोनदा पाहिलं होतं, आणि त्या कॉलेजची यादी बारावीच्या मार्कांवर लागते हेही तिला ठाऊक होतं. तिने प्रयोग केला. खरोखर केला, सबंध लॅबमध्ये बहुधा तिने एकटीनेच. पहिली जागा तीनदा घेतली, तिन्ही आकडे थोडे थोडे वेगळे आले, ते तसेच लिहिले. आणि दुसऱ्या जागेच्या रकान्यात लिहिलं की ती मिळाली नाही, कारण नळी बेचाळीस सेंटीमीटरचीच आहे.

बाहेरचे सर वह्या चाळत तिच्यापाशी आले. दुसरं रीडिंग कुठे आहे, असं विचारलं. ती उभी राहून म्हणाली, सर, नळीच तेवढी नाहीये. सरांना तो उद्धटपणा वाटला. बाकीच्यांना कसं मिळालं मग? बाकीचे सगळे माना खाली घालून बसलेले. सर मला म्हणाले, काय हो मॅडम, तुमच्याकडे प्रयोग पूर्ण करायला शिकवत नाहीत वाटतं? मामा पाण्याचा जग घेऊन दाराशी उभे होते. ते पुढे आले आणि खिशातून मोजपट्टी काढून टेबलावर ठेवली. "सायेब, नळी मोजून घ्या एकदा." सरांनी पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा मामा माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी तरी मोजा."

मी म्हणाले, "मामा, तुम्ही बाहेर थांबा."

ते थांबले बाहेर. मोजपट्टी टेबलावर तशीच राहिली. स्नेहलला तीसपैकी अकरा मिळाले आणि त्या कागदावर खाली दोन सह्या आहेत, त्यातली एक माझी. बाकी सगळ्यांना नेहमीप्रमाणे. जूनमध्ये पुण्याच्या कॉलेजची यादी लागली आणि तिचं नाव चार मार्कांनी राहिलं. वडील म्हणाले, झालं ते बरंच झालं, पोरीच्या जातीने जवळच शिकावं. ती श्रीरामपुरात बी.एस्सी.ला लागली. मामा मला कधी काही बोलले नाहीत. सकाळी नमस्कार, संध्याकाळी नमस्कार, टेबल पुसलेलं, फळा स्वच्छ. फक्त त्या दिवसानंतर त्यांनी मला "या, बघा" म्हणून एकदाही हाक मारली नाही. रविवारची पोरं पण त्यांनी हळूहळू श्रीरामपूरला आपल्या घरीच बोलवायला सुरुवात केली. मी मनाला समजावलं की त्यांचं वय झालंय, दगदग नको वाटत असेल. मनाला समजवायला आपण सगळे मोठे पटाईत असतो.

गेल्या महिन्यात कॉलेजात शोकसभा झाली. बाहेर फ्लेक्स लागला होता. त्यावर मामांचा फोटो कुठल्या तरी ग्रुपफोटोतून कापलेला, खांद्याशी दुसऱ्याच कुणाची तरी बाही. आणि त्याहून मोठा फोटो क्लासच्या संचालकांचा, हात जोडून, डोळे मिटून. खाली क्लासचा पत्ता. हेच गृहस्थ बसभर मुलं पाठवतात. ते भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले की शांतवनमामांमुळे आमच्या एकाही विद्यार्थ्याचे प्रात्यक्षिकात मार्क गेले नाहीत. टाळ्या पडल्या! शोकसभेत टाळ्या! वाटलं, उठावं आणि सांगावं की एकीचे गेले, एकोणीस गेले, आणि ते मी घालवले. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठलेसुद्धा. आणि बोलले काय, तर मामा फार प्रामाणिक होते, शिस्तीचे होते... दोन मिनिटांत खाली बसले. चोराने देवळात येऊन देवाचं कौतुक करावं, तसलं ते.

त्यानंतरच्या रविवारी मी श्रीरामपूरला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी चर्चमधून नुकत्या आल्या होत्या. त्यांनी मला मागच्या पत्र्याच्या खोलीत नेलं. मला वाटलं होतं खोली बंद असेल. तर आत सहा-सात पोरं, मधोमध पाण्याने भरलेली बादली, तिच्यात उभा धरलेला प्लॅस्टिकचा पाईप, आणि पाईप वर उचलत नादकाट्याला कान लावून बसलेली स्नेहल. मला पाहून ती पटकन उठली, खुर्ची पुसून दिली, एका मुलीला चहा सांगायला पाठवलं. शेवटच्या वर्षाला आहे आता. रविवार चालू ठेवलेत, म्हणाली, मामांच्या फायली पण तिच्याकडेच आहेत, दोघांचे दाखले यायचे राहिलेत.

मी गाडी तिच्या बारावीवर आणली. त्या दिवशीचं तुझ्या मनात असेल ना गं, म्हटलं. तिने माझीच समजूत काढायला सुरुवात केली. मामांनी तिला तेव्हाच सगळं सांगितलं होतं म्हणे. नळी फुटली तेव्हा मॅडम रजेवर होत्या, त्यांना ठाऊकच नव्हतं ती आखूड आहे. आणि परीक्षेत शिपायाने बोलायचं नसतं, हा नियमच आहे, म्हणून मॅडमनी मामांना बाहेर काढलं, त्यात त्यांची चूक नाही. तीन वर्षं पोरगी हे धरून चालली होती. माझा तिला राग नव्हता, उलट माझीच दया येत होती. ज्या माणसाने पोरांना एक आकडा खोडू दिला नाही, त्याने माझ्यासाठी एवढं धडधडीत खोटं सांगितलं होतं. का, ते विचारायला आता ते नाहीत. माझ्यासाठी नसेलही. पोरीचा शिकवणाऱ्यावरचा विश्वास उडू नये म्हणून असेल. चहा आला, तो मी बाजूला ठेवला.

मी म्हटलं, "मी रजेवर नव्हते, स्नेहल. नळी फुटली तेव्हा मी तिथेच होते. बेचाळीस आहे, हे मला माहीत होतं."

पोरं पाण्यातला पाईप वरखाली करायची थांबली. स्नेहल रडेल, ओरडेल, निदान जा म्हणेल, असं मला वाटलं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "मग मोजली का नाही, मॅडम? मोजपट्टी तर समोरच होती."

काय सांगणार होते मी? परीक्षकांची भीती होती? नोकरी जाईल असं वाटलं? तसं काही सांगता आलं असतं, तिने ऐकूनही घेतलं असतं. पण त्या खोलीत बसून मला तसलं खोटं बोलवेना. परीक्षेच्या त्या दुपारी माझ्या मनात जे होतं ते मी तसंच्या तसं सांगितलं.

"पानं वाढली होती गं," मी म्हटलं. "पोळ्या गार होत होत्या."