वाचलेलं एक रोप

आमच्या कॉलेजच्या फुलपाखरू बागेत आज उंटकटारीचं, एरवी माळरानात उगवणाऱ्या त्या काटेरी झाडाचं, पहिलं निळसर, गोल फूल उमललं. त्यावर दोन फुलपाखरं बसली होती. बी मीच पेरलं होतं. बरीच रोपं आली होती, त्यातलं हे एकच उरलं.

पावसाळ्यात आई पहिल्यांदाच माझं कॉलेज बघायला आली होती. मी पाणी घेऊन परतले, तर ती वाफ्यात बसलेली आणि हातात उपटलेली रोपं.

"किती तण माजलंय गं तुझ्या बागेत! घे, केलं साफ," ती हसून म्हणाली.

"तण नाही ते, आई! काही कळतं का तुला?" मी मैत्रिणींसमोर ओरडले.

तिने मातीचे हात पदराखाली लपवले. लोकांच्या रानात खुरपून याच हातांनी मला शिकवलं, हे तेव्हा मला आठवलंच नाही.

आज फोन केला. "आई, फूल आलंय. बघायला ये ना."

"नको बाई. माझ्या हातून पुन्हा काहीतरी व्हायचं."

रोपाच्या बुडाशी गवत वाढलं आहे. ते खरंच तण आहे. तरी उपटायला माझा हात धजत नाही.