आईच्या रस्त्यावरचा पाला

अनंताचं झाड मरायला टेकलं, तेव्हा आम्हाला टॉवरमध्ये येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. नायगावच्या चाळीत ते पप्पांनी लावलं होतं, अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये. पप्पा गेले, पुढे चाळ पाडायला घेतली, आणि सामान हलवताना आईने कपाटाच्या आधी तो ड्रम टेम्पोत चढवायला लावला. दर बुद्धपौर्णिमेला मूर्तीपुढे याच झाडाचं फूल ठेवायचं, हा आमच्या घरातला शिरस्ता. चाळीत गॅलरीला सावली होती. इथे चौदाव्या मजल्यावर दुपारचं ऊन थेट, आणि वारा असा की सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळपर्यंत उडून जायचं. फेब्रुवारीत पानं पिवळी पडली, होळीपर्यंत निम्म्या फांद्या उघड्या पडल्या.

आई रोज सकाळी ड्रमपुढे उभी राहायची, पिवळी पानं खुडायची आणि आत जायची. मला ते बघवत नव्हतं. मला काही बघवलं नाही की मी मोबाइल काढते.

त्यात कळलं की मातीवर आच्छादन घालायचं. वाळलेला पाला, साल, गवत, काहीही चालतं. दोन-तीन बोटं जाड थर द्यायचा, फक्त खोडाला चिकटू द्यायचा नाही. मातीला ऊन लागत नाही, ओल टिकते, आणि तो थर हळूहळू कुजून झाडाच्याच पोटात जातो. मी लगेच मागवलं. फोटोत भलंमोठं पोतं दिसत होतं, हातात आली ती लहान मुलाच्या उशीएवढी पिशवी. आत कुठल्याशा डोंगरी झाडाच्या सालीचे तुकडे. ते ड्रममध्ये पसरून मी ऑफिसला गेले. संध्याकाळी येऊन बघते तर माती लख्ख. तुकडे सुक्या कचऱ्याच्या डब्यात. ओला आणि सुका वेगळा करण्यात आईची चूक होणं शक्य नव्हतं.

"अगं आई, ते विकत आणलं होतं!"

"कचरा विकत आणतेस?"

मी हट्टाला पेटले. पुढच्या खेपेला नारळाच्या सोडणाचे तुकडे मागवले. ते दाबून विटेसारखे येतात, पाण्यात घातले की फुगतात. चार विटा आल्या आणि मी अक्कल पाजळून चारही एकदम बादलीत टाकल्या. तासाभरात बादली ओसंडली, न्हाणीघरभर तपकिरी चिखल झाला, आणि आईला आंघोळीला जायचं होतं. दारात टॉवेल घेऊन उभी राहून ती म्हणाली, "भायखळ्याच्या मंडईबाहेर ढिगाने पडलेलं असतं हे. तू पत्ता देऊन घरी बोलावलंस."

तो थर दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी माती पुन्हा लख्ख, आणि झाडाला आणखी चार पानं कमी. माझा पारा चढला.

"तुला ना, सगळीकडे कचराच दिसतो!"

आई चादरीची घडी घालत होती. घडी पुरी केली आणि म्हणाली, "दिसणारच. एकतीस वर्षं तोच बघितला मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई रस्ते झाडायच्या कामावर होती. दादरच्या पारशी कॉलनीतल्या, मोठमोठ्या झाडांच्या रस्त्यांवर तिची ड्युटी असायची. कामावरून आली की आधी आंघोळ, मग आम्हाला हात. जमिनीवर पडलेली कुठलीही गोष्ट ती घरात घटकाभर ठेवायची नाही. शाळेत असताना मी मैत्रिणींबरोबर त्या रस्त्याने गेले, तर ती पाठ फिरवायची, मला ओळख दाखवावी लागू नये म्हणून. आणि मी दाखवलीही नाही. एकदाही नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माफी मागायला हवी होती, ते जमलं नाही. एवढंच म्हणाले, "आई, मातीवर काही घातलं नाही तर झाड जाईल. पप्पांचं झाड आहे."

रविवारी सकाळी ती चप्पल घालून, तांदळाची रिकामी गोणी घेऊन दारात उभी. "पाला हवाय ना तुला? चल. ते मोबाइलमधलं नको."

रिटायर झाल्यापासून ती त्या रस्त्याला फिरकली नव्हती. आम्ही चालत गेलो. आईला झाडांची नावं येत नाहीत, ती त्यांना त्यांच्या त्रासावरून ओळखते. "हे चिकट शेंगांचं. शेंगा चपलेला बसतात, पण पाला बघ किती बारीक. दोन सरी पडल्या की मातीत जातो. हाच घे. तो बदाम नको, त्याचं पान ताटाएवढं, पाणी वरच अडवून धरतं. आणि गटाराच्या जाळीवरचं तर अजिबात नको, त्यात प्लास्टिक असतं."

पुढे आईच्या जागी लागलेली बाई झाडत होती. आईला बघून तिचा झाडू थांबला. "मावशी! तुम्ही इकडं कुठं?"

"पाला न्यायला आले. देशील का गोणीभर?"

"घेऊन जा की. माझी गाडी तेवढीच हलकी." मग तिने माझ्याकडे बघितलं.

आईने मला दंडाला धरून पुढे केलं. "ही माझी मुलगी."

त्या रस्त्यावर हे ती पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होती. माझे डोळे भरून आले. आईने ते बघितलं, पण लाड करण्यातली ती नव्हेच. "नुसती उभी काय राहतेस? गोणीचं तोंड उघड."

घरी आणून तिने पाला दिवसभर उन्हात पसरला, मुंग्या-किडे निघून जावेत म्हणून. मग ड्रममध्ये घातला, खोडाभोवती दोन बोटं जागा सोडून. मी तेच शिकवायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. त्यानंतर दर पंधरवड्याला ती त्या बाईला फोन करायला लागली. "चिकट शेंगांचा ठेव गं गोणीभर. खडे नकोत, ओला नको." इतकी बिनचूक ऑर्डर मला कधी देता आली नाही.

एप्रिलमध्ये एकदा तिने मला गॅलरीत बोलावलं. वरचा थर बाजूला केला होता. खाली माती थंड, काळी, मऊ. पानं कुठली आणि माती कुठली हे सांगता येत नव्हतं. आईने ती बोटांत घेऊन चोळली. "एवढा पाला गाडीत भरून दिला मी," ती म्हणाली. "त्याचं पुढे असं होतं, हे कधी बघितलंच नव्हतं."

फांद्यांवर पोपटी पालवी आली होती. पौर्णिमेला एकच फूल उमललं, पण टपोरं. आईने ते मूर्तीपुढे ठेवलं आणि बराच वेळ हात जोडून बसली. दोन दिवसांनी ते पिवळं पडलं. मूर्तीपुढचं पुसून घेताना मी ते उचललं आणि डब्याचं झाकण उघडलं.

आईने माझं मनगट धरलं.

"कचरा आहे का तो?" माझ्या हातातून फूल घेऊन ती गॅलरीकडे गेली.