मामाच्या प्रोग्राममधली एक ओळ

भास्करमामा गेल्याची बातमी मला घरच्या ग्रुपवर कळली. खाली ओळीनं जोडलेले हात, हलणारी पणती, आणि पाचव्या मिनिटाला कुणाच्या तरी बारशाचं आमंत्रण... मला शिसारी आली. कारखान्याच्या फाटकाजवळ खुर्चीत बसल्या बसल्या माणूस गेला, आणि हे लोक पणत्या हलवत होते.

मामा पारोळ्याकडून सुरतेला आला तो ऐन तारुण्यात, आणि आयुष्य काढलं ते सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका साडीच्या कारखान्यात. काम एकच, पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची. ते पत्ते मागावर चढवले की कोणता धागा उचलायचा हे मागाला कळतं आणि साडीच्या काठावर कुयरी उतरते. मग कारखान्यात कॉम्प्युटर आला, पत्ते गेले आणि मामाला फाटकावर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या टेम्पोंचे नंबर लिहायचे. त्यानं तक्रार केली नाही. फक्त एका रविवारी डिंडोलीतल्या माझ्या घरी आला आणि म्हणाला, "सुनंदा, माले ते कॉम्प्युटरनं शिकाड. डिझाइनना टेबलवर बसानं शे माले."

मी शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. माझा जुना लॅपटॉप त्याला दिला आणि नवशिक्यांसाठी असतं तसं पायथनचं साधं सॉफ्टवेअर त्यात टाकून दिलं. वरच्या भागात लिहायचं, हिरवं बटण दाबलं की खालच्या भागात उत्तर येतं. पहिल्याच आठवड्यात त्याचा प्रोग्राम थांबेचना, तेच तेच आकडे धो धो यायला लागले. मामानं काय करावं? बॅटरी मेलेलीच होती, सरळ वायर उपटली. लिहिलेलं सगळं गेलं. मी ओरडले तर शांतपणे म्हणतो, "पहिले मशीन बंद करानं, मंग दोरा देखाना." त्याला सगळ्यात आवडलं ते एकेक ओळ चालवून दाखवणारं बटण. कुठली ओळ चालू आहे ती रंगते, बाजूला आकडा बदलताना दिसतो. माग हातानं फिरवून एकेक धागा तपासतात, तसा तो तासन्‌तास ते बटण दाबत बसायचा.

नातेवाइकांनी काय कमी छळलं त्याला? "मामा, आता कलेक्टर होणार का?" एकानं तर माझ्यासमोर विचारलं, "डोक्यावर परिणाम झालाय का त्यांच्या?" मामा हसायचा. मला मात्र त्या तोंडांची किळस यायची.

चार-पाच महिन्यांत त्यानं खरंच प्रोग्राम लिहिला. कुयरी एक आणि शून्यात लिहायची, की कुठे भोक पाडायचं त्याचा तक्ता फुल्याफुल्यांनी समोर. डिझाइनवाल्यांना दाखवायला जायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे घेऊन आला. मी घाईत होते. बघितलं तर यानं शून्य असेल तिथे फुली मारलेली, एक असेल तिथे रिकामं. नवशिक्याची चूक, दुसरं काय! मी ती ओळ बदलली, कुयरी फुल्यांनी भरून आली, छापून हातात दिली. मामा कागदाकडे बराच वेळ बघत राहिला. "आस्सं ऱ्हास का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "असंच असतं, मामा." तो म्हणाला, "तू शिकेल शे. तुले जास्त समजस."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोनवर एवढंच म्हणाला, "त्यासले नको शे. ऱ्हाऊ दे." मी कारखान्याला यथेच्छ शिव्या घातल्या. पुढच्या महिन्यात तो गेला.

शोकसभेला तीच तोंडं हजर. "या वयात पायथन! केवढी ती जिद्द!" एकानं तर मामाला प्रेरणास्थान करून टाकलं, तोच तो, परिणामवाला. मामाच्या सोबत काम करणारे एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, कागद बघून डिझाइनवाला पोरगा सगळ्यांसमोर हसला. म्हणे, काका, तीस साल में इतना भी नहीं सीखे?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी माइक घेतला आणि त्या पोराची, त्या टेबलाची, त्या शेठची सालटी काढली. लोकांनी माना डोलावल्या. मामी रडली.

गेल्या रविवारी मामीकडे गेले होते. तिनंच लॅपटॉप पुढे केला, म्हणाली, यात काय आहे ते बघ. प्रोग्राम उघडला. मी बदललेली ओळ त्यानं पुन्हा होती तशी करून ठेवली होती. शून्याला फुली. आणि वर # ही जाळीसारखी खूण घालून, म्हणजे कॉम्प्युटर सोडून देतो अन्‌ फक्त माणूस वाचतो तशी, इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ लिहिली होती:

'कापड मागावर पालथं विणतात. म्हणून मी उलटं लिहिलं होतं. सुनंदानं सरळ केलं. तिला सांगायचं नाही.'

तो पोरगा बरोबर हसला होता. माझ्या कागदावरून विणलं असतं तर साडी उलटी निघाली असती. तीस वर्षं भोकं पाडणाऱ्या माणसाला जे झोपेतही कळत होतं ते मी, शिकलेली भाची, एका मिनिटात खोडून मोकळी झाले. "का रे शून्याला फुली?" एवढं विचारायलाही मला वेळ नव्हता. आणि त्यानं ती चूक सगळ्यांसमोर आपल्या नावावर घेतली. शोकसभेतल्या कुणाची आली नसेल इतकी किळस मला माझी आली.

मामीला वाचता येत नाही. पदरानं डोळे पुसत तिनं विचारलं, "काय लिखेल शे?"

मी म्हटलं, "काही नाही मामी, साडीचं डिझाइन आहे."

"तू शिकाडं म्हनीसन त्या शिकनात," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.