जात्यावरचा भूगोल

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट. दहावी झालेली लेक मोबाईलवर स्वभावाची चाचणी भरत होती. 'शिकायची प्रेरणा कुणाकडून मिळते?' हा प्रश्न तिने गंमत म्हणून माझ्या आत्याला विचारला. आत्या मूळची भोरजवळच्या हिर्डोशीची, निवृत्त शिक्षिका.

"आईकडनं," आत्या म्हणाली. "पण तीच माझी शाळा सोडवणार व्हती."

१९६५च्या आसपास गावात शाळा चौथीपर्यंतच होती; त्यानंतर आत्याला घरीच ठेवायचं, असं आईने ठरवलं होतं. घरकामातून अभ्यासाला वेळ मिळेना, म्हणून आत्या पहाटे आईसोबत नाचणी दळताना धडाच ओवीच्या चालीवर म्हणायची: नीरा मिळाली भीमेला, भीमा गेली कृष्णेला.

एक दिवस आईने जातं थांबवलं. "आपली नीरा एवढ्या लांब जाती व्हय? आन् किष्णा पुढं कुठं जाती?"

"ते पाचवीत हाय."

आईने पुन्हा खुंटा धरला. "मग भोरला मामाकडं ऱ्हा. शिकून ये आन् मला सांग."

लेकीने मोबाईल बाजूला ठेवला होता. "मग सांगितलंस, आजी?"

"व्हय. समुद्राला जाती म्हणलं. तर म्हणती, समुद्र म्हंजी काय? मग आणखी शिकावं लागलं."

मंडळी, तुम्हाला कुणी विचारलं होतं, पुढं कुठं?