पांढऱ्या पिल्लाच्या डोक्यावरचा डाग

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. देवापुढं उभी राहते तेव्हासुद्धा दुसरंच काहीतरी पुटपुटत राहते, म्हणजे हे मधे यायला नको. तुम्हाला सांगते — का, ते माझं मलाच कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, बहुतेक म्हणूनच.

बेळगावात माझं ब्यूटी पार्लर आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. माहेर उचगावचं. तिथं मांजर म्हणजे भाताच्या पोत्यांवर लोळणारं, उंदीर धरणारं. त्याचा रंग कोण बघतंय? लांब केसांचं पर्शियन मांजर मी पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाकडं बघितलं आणि वेडी झाले. दोन माद्या आणल्या. त्यांना पिल्लं होऊ लागली, मी विकू लागले. मागच्या खोलीत मांजरं, पुढच्या खोलीत बायकांचे केस.

रंगांतलं मला लई कळतं, असं मी समजत होते. ज्याला हे लोक ब्लू म्हणतात ते मांजर निळं नसतं, चुलीतल्या राखेच्या रंगाचं असतं. स्मोक म्हणजे वरून काळं, पण केसांत फुंकर मारली की मुळाशी पांढरं. टॅबी म्हणजे पट्ट्यांचं, कपाळावर रेघांचा इंग्रजी एम. काळ्या-केशरी मिसळणीचं पिल्लू झालं की मी शेपटी न उचलताच मादी म्हणून सांगायची, आणि ती मादीच निघायची. आमच्या मांजरवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. कुणी फोटो टाकला की मी रंग सांगायची. लोक मॅडम म्हणायचे. ते मला आवडायचं — किती आवडायचं, हे आता सांगायलाही लाज वाटते.

निपाणीहून अजितअण्णांचा फोन आला तो त्या ग्रुपवरच्या कुणाकडनं तरी नंबर घेऊन. जैन घर, तंबाखूचा जुना व्यापार. वडील गेल्यापासून त्यांची आई, पद्माक्का, कुणाशी बोलेनाशी झाली होती. एकदा पाहुण्यांकडं पांढरं मांजर मांडीवर येऊन बसलं आणि त्या हसल्या. म्हणून अण्णांना तसंच हवं होतं.

"एकदम पांढरं हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"एक केस वेगळा न्हाय, अण्णा."

होता. माझ्याकडच्या पांढऱ्या पिल्लाच्या दोन कानांच्या मधे करडा डाग होता, अंगठ्याएवढा. अण्णांना पाठवलेला फोटोच मी असा खालच्या बाजूनं काढला होता की तो दिसू नये. तेवढा डाग आहे म्हणून सांगितलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. पण मॅडमनं एक केस वेगळा नाही म्हटलं होतं ना.

मग पद्माक्कांनी स्वतः फोन केला. पिल्लाचं नाव त्यांनी आधीच ठरवलं होतं — मल्ली. कन्नडात मोगऱ्याला मल्लिगे म्हणतात, त्यावरनं. "आमच्यात मांस-मच्छी न्हाय गं," त्या म्हणाल्या. "दूधभातावर राहील काय ते?" मी म्हटलं, राहील की. मांजराला तेवढ्यावर भागत नाही हे मला माहीत होतं. पण गिऱ्हाईक मोडायचं नव्हतं.

पिल्लू न्यायला ते येणार त्याच्या आदल्या दिवशी मी पार्लरचं दार आतून लावलं आणि ब्लीच कालवलं. केसांचं ब्लीच. बायकांना लावण्याआधी मी कानामागं थोडं लावून बघते, कातडी लाल होते का म्हणून. याच्यावर बघितलं नाही. टॉवेलात घट्ट गुंडाळलं, नुसतं डोकं बाहेर. ते ओरडायला लागलं. दाराबाहेर त्याची आई ओरडायला लागली. धुतलं तर डाग पिवळट झालेला — म्हणून पुन्हा लावलं. हो, पुन्हा. दुसऱ्या वेळी पांढरा झाला. खालची कातडी सोललेल्या डाळिंबासारखी झाली होती, तिच्यावर मी टाल्कम पावडर भुरभुरली. पिल्लू पंजानं डोकं घासायचं, पंजा चाटायचं, परत घासायचं. मी बघत होते. त्या वासानं माझंच डोकं दुखत होतं, आणि मी खिडकी उघडून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी पद्माक्कांनी त्याला पदरात घेतलं.

"डोळ्यांतनं पाणी कशाचं यायलंय गं?"

"नवीन माणसं बघून घाबरलंय, आक्का."

चार-पाच दिवसांत अण्णांचा फोन. मल्ली खात नाही, तोंडातनं लाळ गळते, जिभेवर फोड आलेत. "डॉक्टर विचारायलेत, काय लावलंवतं काय याच्या अंगाला? औषध, रंग, काय बी?"

इथं थांबा जरा. इथं मी खरं बोलू शकत होते. पिल्लू अजून जिवंत होतं.

"न्हाय, अण्णा. शाम्पू सोडून काय न्हाय."

मल्ली मेली. त्यानंतर पद्माक्कांचा फोन आला. म्हणाल्या, "माझं काय चुकलं, सांग मला. तुला कळतंय त्यातलं."

त्यांनी मला वाटच करून दिली होती. मी म्हटलं, "आक्का, मांजराला मांस लागतंय. नुसत्या दूधभातावर लहान जीव टिकत न्हाय."

"म्हंजे माझ्या सोवळ्यापायी गेलं व्हय ते?"

मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघत चालणारी बाई ती. तिनं मला हे विचारलं. आणि मी म्हटलं, "व्हय."

पण तूच म्हणाली होतीस की राहील — असं त्या बोलल्या नाहीत. "बरं बाई," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या वेतात पुन्हा एक पांढरं पिल्लू झालं, तसाच डाग घेऊन. ग्रुपवर एका जुन्या मांजरवाल्यानं सहज सांगितलं, पांढऱ्या पिल्लांत असं असतं, मोठं झाल्यावर तो आपोआप जातो. मी त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ते पिल्लू वाढलं, डाग गेला. मी ते विकलं.

गेल्या हिवाळ्यात पद्माक्का वारल्या. मी निपाणीला गेले — न जाण्याचं धाडस नव्हतं म्हणून. सून मला आत घेऊन गेली. म्हणाली, मल्ली गेल्यापासून आत्यांनी — सासूला ती आत्या म्हणायची — दूध सोडलं ते कायमचंच. चहा नाही, ताक नाही, सणाची खीरसुद्धा नाही. "कितीदा सांगितलं, पण ऐकल्या न्हाईत. माझ्या हातनं जीव गेलाय म्हणायच्या."

बाहेर अण्णांनी पाहुण्यांना माझी ओळख करून दिली. "आईला मांजर दिल्याली ती हीच. ते मांजर मेल्याव बी हिनं खरं काय ते सांगितलं. आई लई मानायची हिला."

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मी रडते. मी रडत नव्हते. सुनेनं चहा आणला, घट्ट दुधाचा. कप परत कसा द्यायचा ते सुचेना. मी तो सगळा प्यायले.